मेल्यावरही स्नायू काम करतो: तितर, फेझंट आणि गावरान कोंबडा

खान्देशात मळ्यातल्या पार्टीचा एक अलिखित नियम आहे. कोंबडा डोळ्यांदेखत कापायचा, तिथंच साफ करायचा, तिथंच तुकडे करायचे आणि पऱ्हाटीच्या जाळावर पातेलं चढवायचं. ‘आत्ता कापला, आत्ता शिजवला, याच्याइतकं ताजं काय असणार?’ हे वाक्य भुसावळपासून नवापूरपर्यंत कुठंही ऐकायला मिळतं. मग दोन तास जाळ घालूनही तुकडा दातांना दाद देत नाही, तेव्हा दोष कोंबड्याच्या वयाला दिला जातो. वयाचा दोष असतोच, पण तो सगळा नाही. बराचसा दोष त्या घाईचा असतो, आणि तो कसा हे समजून घ्यायचं तर मेलेल्या स्नायूच्या आत शिरावं लागतं.

ही गोष्ट अनुभवानं आधी ओळखली ती शिकारी लोकांनी. ब्रिटनमध्ये फेझंट नावाचा, कोंबडीच्याच कुळातला पक्षी हिवाळ्यात बंदुकीनं मारतात, पण तो त्याच दिवशी शिजवत नाहीत. पिसांसकट, पोट न फाडता, थंड आणि वारा खेळत्या जागी मानेला दोरी बांधून काही दिवस टांगून ठेवतात. मांस मऊ होतं आणि त्याला चव येते, एवढं त्यांना ठाऊक होतं. का, ते मात्र विसाव्या शतकातल्या जीवरसायनशास्त्रानं सांगितलं.

आपल्याकडे याच कुळातले पक्षी म्हणजे तितर आणि लावे. ज्वारी-बाजरीच्या बांधावर, सातपुड्याच्या पायथ्याच्या झुडपी माळावर ते अजून दिसतात. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं त्यांची शिकार गुन्हा ठरवलेली आहे, मग ती बंदुकीनं असो की फाशानं. शेतात शिरलेलं पाखरू आपलं झालं, असं या कायद्यात कुठंही नाही. त्यामुळे पुढं तितराबद्दल जे लिहितो आहे ते ताटासाठी नाही, शरीरशास्त्रासाठी आहे.

तितर दिवसभर चालतो. माणूस जवळ आला की झुडपात दबून बसतो आणि अगदी पायाशी पोचल्यावर भुर्रकन उडतो. ते उड्डाण काही सेकंदांचं असतं, थोडं अंतर कापून तो पुन्हा झाडोऱ्यात शिरतो. या झेपेसाठी लागणारी ताकद छातीच्या स्नायूला क्षणार्धात हवी असते. रक्तातून ऑक्सिजन येईपर्यंत थांबायला वेळ नसतो. म्हणून तो स्नायू आपल्यातच साठवलेली साखर, म्हणजे ग्लायकोजेन, ऑक्सिजनशिवाय मोडून ऊर्जा काढतो. ऑक्सिजन धरून ठेवणाऱ्या मायोग्लोबिन या लाल प्रथिनाची त्याला फारशी गरज नाही, म्हणून तितराची छाती फिकट असते, कोंबडीसारखीच. दिवसभर राबणारे पाय मात्र गडद. याउलट हिवाळ्यात हतनूरच्या जलाशयावर उतरणारी स्थलांतरित बदकं तासन्‌तास पंख मारत आलेली असतात. त्यांची छाती मायोग्लोबिननं लालभडक असते. मांस धुताना जे लाल पाणी सुटतं तेही बहुतांशी हेच मायोग्लोबिन, रक्त नव्हे.

आता मूळ मुद्दा. स्नायूच्या प्रत्येक धाग्यात एकापुढे एक लहान कप्पे असतात, एका मिलिमीटरमध्ये साधारण पाचशे. प्रत्येक कप्प्यात दोन प्रथिनांच्या काड्या एकमेकींत अडकवलेल्या असतात: जाड मायोसिन आणि बारीक अ‍ॅक्टिन. स्नायू आखडतो तेव्हा मायोसिनची डोकी अ‍ॅक्टिनला पकडतात, ओढतात, सोडतात आणि पुढं पुन्हा पकडतात, रस्सीखेचीत हात पुढं सरकवत दोर ओढावा तसं. यातली खरी नवलाची गोष्ट अशी की पकडायला ऊर्जा लागत नाही. लागते ती सोडायला. एटीपी हा ऊर्जेचा रेणू मायोसिनच्या डोक्यावर येऊन बसतो तेव्हाच पकड सुटते. एटीपी नसेल तर पकड तशीच राहते. स्नायू शिथिल असणं ही फुकटची अवस्था नाही, तिची किंमत जिवंत शरीर क्षणोक्षणी चुकवत असतं. जीवशास्त्रातल्या ज्या गोष्टींवर माझा जीव आहे, त्यांत हिचा नंबर फार वरचा.

पक्षी मरतो, हृदय थांबतं, ऑक्सिजन बंद होतो. स्नायूच्या पेशींना मात्र ही बातमी लगेच कळत नाही. त्या एटीपी बनवत राहतात, आधी क्रिएटिन फॉस्फेटच्या छोट्या साठ्यातून, मग ग्लायकोजेन मोडून. ग्लायकोजेन मोडलं की लॅक्टिक आम्ल तयार होतं आणि ते वाहून न्यायला रक्त फिरत नसतं. म्हणून स्नायूची आम्लता वाढत जाते: जिवंतपणी सामू (पीएच, तो जितका कमी तितकी आम्लता जास्त) ७च्या थोडा वर असतो, तो कोंबडीच्या छातीत ५.८च्या आसपास उतरतो. शेवटी साठा संपतो. कॅल्शियम ज्या पिशव्यांत कोंडून ठेवलेलं असतं तिथून झिरपून बाहेर येतं, त्याच्या इशाऱ्यानं मायोसिनची डोकी अ‍ॅक्टिनला पकडतात आणि सोडायला एटीपी उरलेलं नसतं. सगळं जागच्या जागी कुलूपबंद होतं. हीच मरणोत्तर ताठरता. बैलासारख्या मोठ्या जनावरात तिला अर्धा दिवस किंवा त्याहून जास्त लागतो, कोंबडीच्या छातीत मात्र एक-दोन तासांतच ती सुरू होते.

आता मळ्यातल्या पार्टीचं घड्याळ लावून बघा. कापणं, पिसं काढणं, जाळावर भाजणं, साफ करणं, तुकडे करणं, तोवर कांदा-खोबरं भाजून काळा मसाला वाटणं. पातेलं चढतं तेव्हा बरोबर एक-दीड तास झालेला असतो. स्नायू ताठरण्याची जी सर्वांत वाईट वेळ, तीच आपण शिजवण्यासाठी निवडलेली असते.

तुकडे करण्याची घाई यात आणखी भर घालते. स्नायू दोन्ही टोकांना हाडाला बांधलेला असतो तोवर ताठरताना त्याला फार आखूड होता येत नाही. हाड त्याला ताणून धरतं. ताठरता येण्याआधीच सुरी चालवली की टोकं मोकळी होतात, कप्पे एकमेकांत घुसतात आणि मायोसिन-अ‍ॅक्टिनच्या पकडी आणखी दाट होतात. जितका आखूड स्नायू तितका चिवट तुकडा. कुक्कुट प्रक्रिया कारखान्यांत छातीचं मांस हाडापासून सोडवण्याआधी पक्षी अख्खाच थंड करून काही तास ठेवतात तो याचसाठी. वर आपला उन्हाळा. पक्ष्याचं शरीर मुळातच सुमारे ४१ अंशांचं, आणि मे महिन्यात जळगावची हवा ४५ अंशांच्या घरात. आम्लता वाढत असताना स्नायू इतका गरम राहिला तर प्रथिनं बिघडतात, पाणी सोडतात, आणि आखडणंही वाढतं.

मग टांगून ठेवल्यानं काय होतं? पकडी सुटत नाहीत, त्या तशाच राहतात. पण त्या ज्या चौकटीत बसवलेल्या असतात ती चौकटच झिजते. पेशीत कॅल्पेन नावाची विकरं, म्हणजे एन्झाइम, असतात. झिरपलेल्या कॅल्शियमनंच ती जागी होतात आणि कप्प्यांच्या भिंतींना जोडणारी डेस्मिन, टायटिन यांसारखी प्रथिनं कातरू लागतात. स्नायूला ताठरवणाऱ्या कॅल्शियमनंच त्याला पुढं मऊ करणारी विकरं चालू करावीत, ही रचना मला विलक्षण वाटते. कोंबडीत हे काम काही तासांत बरंचसं उरकतं, मोठ्या जनावरात दिवस लागतात. फेझंटला काही दिवस टांगतात ते मऊपणाइतकंच चवीसाठी, कारण प्रथिनं मोडून तयार होणारी अमिनो आम्लं जिभेला रुचकर लागतात.

पक्षी कसा मेला यालाही महत्त्व आहे. छर्रा लागून जागीच पडलेल्या पक्ष्याच्या स्नायूत ग्लायकोजेन शिल्लक असतं. जखमी होऊन फडफडत, पळत मेलेल्या पक्ष्याचा साठा आधीच संपलेला असतो. तो लवकर ताठरतो, त्याच्या स्नायूत पुरेसं आम्ल तयार होत नाही आणि मांस काळपट, चिकट राहून लवकर नासतं. पिंजऱ्यात किंवा उन्हात उलटी लटकवून आणलेल्या कोंबडीलाही हेच लागू आहे. कोंबडी सावलीत शांत ठेवून मग कापणं यात दया आहेच, रसायनशास्त्रही आहे.

हे वाचून कोणी चाळीसगावात कोंबडा आढ्याला टांगू नये. ब्रिटनच्या हिवाळ्यात जे चालतं ते इथं विषबाधेला आमंत्रण ठरेल. ३७ अंशांच्या आसपास ई. कोलायसारखा जीवाणू पोषक परिस्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतो. एका जीवाणूचे सात तासांत वीस लाखांवर होतात. म्हणून आपल्याकडचा मार्ग एकच: पक्षी स्वच्छ करायचा, आतडी काढायची, अख्खाच बर्फात किंवा फ्रिजमध्ये चार ते सहा तास ठेवायचा आणि तुकडे नंतर करायचे.

गावरान कोंबड्याचा वयाचा दोष यानं जात नाही, तो वेगळ्या प्रथिनाचा आहे. स्नायूंभोवतीच्या आवरणात कोलॅजेन असतं. वय वाढेल तसे त्याचे धागे एकमेकांना पक्के जोडले जातात. ओल्या आचेवर बराच वेळ शिजलं तरच ते विरघळून त्याचं जिलेटिन होतं, आणि रश्शाला दाटपणा येतो तोही त्यामुळेच. म्हणजे चिवटपणा दोन तऱ्हेचा: एकावर उपाय थंडाव्यात थांबणं, दुसऱ्यावर मंद जाळ. तासभर जास्त जाळ घालून पहिला चिवटपणा जात नाही, उलट छातीचा तुकडा चोथा होतो.

इथं एका गोष्टीवर बोलल्याशिवाय पुढं जाववत नाही. रानपाखराचं मांस ‘गरम’, त्यानं ताकद येते, आणि लकवा मारलेल्या माणसाला पारव्याचं मांस किंवा रक्त दिलं की तो उठून बसतो, असं आजही सांगितलं जातं. पाखराच्या मांसात इतर मांसासारखीच प्रथिनं आहेत, त्यात दुसरं काही दडलेलं नाही. लकवा म्हणजे बहुतेक वेळा मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकलेली गुठळी. ती विरघळवणारं औषध आहे, पण लक्षणं दिसल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आत ते द्यावं लागतं. पारवा शोधण्यात गेलेले दोन तास त्या साडेचारांतून वजा होतात. तोंड वाकडं झालं, हात उचलत नाही, बोलणं अडखळतं असं दिसलं की माणसाला थेट मोठ्या दवाखान्यात न्या.

बंदुकीनं मारलेल्या पक्ष्यात आणखी एक विष असतं. छर्रे परंपरेनं शिशाचे. मांसातून जाताना त्यांचे डोळ्यांना न दिसणारे कण सुटतात, आणि सापडलेला छर्रा काढून टाकला तरी ते मागं राहतात. स्पेनमधल्या संशोधकांनी लाव्यांवर केलेल्या प्रयोगात व्हिनेगर घालून शिजवल्यावर मांसात जास्त शिसं उतरलं, कारण आम्लात शिसं विरघळतं. आपली चिंच, आपलं दही तेच करणार. शिशाची कोणतीही मात्रा सुरक्षित नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि सर्वाधिक नुकसान होतं ते लहान मुलांच्या मेंदूचं. अमेरिकेनं १९९१ सालीच पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाचे छर्रे देशभर बंद केले, युरोपीय संघानं पाणथळ जागी २०२३ सालापासून.

ज्यांना लाव्याची चव घ्यायची आहे त्यांच्यासाठी फार्ममधला जपानी लावा आहे, हॉटेलात ज्याला बटेर म्हणतात तो. पाच-सहा आठवड्यांतच तो कापण्याजोगा होतो, त्यामुळे त्याचं कोलॅजेन कोवळं असतं आणि त्याला लांब जाळाची गरज नसते. मात्र कच्चटही ठेवू नका. युरोपात काही पक्ष्यांची छाती आतून गुलाबी ठेवतात, ते इथं नको. देशातली बर्ड फ्लूची पहिली साथ २००६च्या फेब्रुवारीत आपल्याच नवापुरात उघडकीला आली होती. तो विषाणू मांसाच्या आतपर्यंत ७० अंश तापमान पोचलं की निष्क्रिय होतो, म्हणजे नीट शिजलेल्या रश्शाची भीती नाही. धोका असतो तो आजारी पक्षी हाताळण्यात, कापण्यात आणि पिसं उपटण्यात. म्हणून आपोआप मेलेलं पाखरू, मग ते घरचं असो की रानातलं, स्वयंपाकघरात आणायचं नाही. बटेर शिजवताना पायांचे तुकडे आधी टाका, छातीचे नंतर. पायांत कोलॅजेन जास्त असतं, छातीत अगदी थोडं, आणि दोन्ही एकाच वेळी टाकले तर पाय शिजेपर्यंत छाती कोरडी पडते.