अंधारात घास नाकात का जात नाही?

लहानपणी आमच्याकडे जेवायला बसलं की नेमकी लाइट जायची, आणि आजीला मेणबत्ती सापडेपर्यंत आम्ही तसेच अंधारात जेवत राहायचो. आमटीभाताचा घास बरोब्बर तोंडात, एकदाही नाकात नाही. दिसत काहीच नाही, मग हाताला तोंडाचा पत्ता सांगतं कोण?

शाळेतल्या पाच ज्ञानेंद्रियांत हे बसतच नाही. याला प्रोप्रिओसेप्शन म्हणतात, नाव शेरिंग्टन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९०६ मध्ये दिलं, उच्चारायला अवघड पण काम सोपं. स्नायूंच्या आत चातीच्या आकाराचे, काही मिलिमीटर लांब सेन्सर असतात, त्यांना नसांची टोकं गुंडाळलेली असतात, स्नायू ताणला की किती ताणला आणि किती झपाट्याने हे त्या लगेच वर कळवतात. कोपर वाकवलं की दंडाचा पुढचा स्नायू आखडतो, मागचा ताणतो, आणि असे सगळीकडचे निरोप जुळवून मेंदू हिशेब लावतो की हात आत्ता कुठंय.

हा हिशेब फसवताही येतो बरं का. डोळे मिटून नाकाचं टोक चिमटीत धरायचं आणि कोपराच्या खळीत, दंडाचा स्नायू जिथे हाडाला जोडलेला असतो तिथे व्हायब्रेटर लावायचा. मेंदूला वाटतं स्नायू ताणतोय म्हणजे कोपर उघडतंय, पण बोटं तर नाकावरच आहेत, मग काही जणांना चक्क नाक लांब होत चाललंय असं वाटतं! म्हणजे नाक वाढलेलं चालेल, पण स्नायू खोटं बोलतोय हे मेंदू मान्य करणार नाही.

आणि ही जाणीवच गेली तर? इयान वॉटरमन हा ब्रिटिश माणूस, १९७१ मध्ये १९ वर्षांचा असताना आजारपणात मानेखालच्या याच नसा गेल्या, आणि स्पर्शाच्याही. स्नायूंत ताकद होती, दुखलेलं कळायचं, गरम-गार कळायचं, पण स्पर्श कळेना आणि हातपाय कुठे आहेत तेही कळेना. पुढे तो चालायला शिकला, पण पायांकडे बघत, प्रत्येक हालचाल ठरवून ठरवून. लाइट गेली की तो जागीच कोसळायचा.

इतकं टोकाचं नाही, पण बी-१२ फार कमी झालं तरी हे निरोप वर नेणारा मज्जारज्जूतला रस्ता बिघडतो, आणि आपल्याकडे शाकाहारी घरांत ही कमतरता काही दुर्मिळ नाही. अशा माणसाचा तोल उजेडात बरा असतो, पण तोंड धुताना डोळे मिटले की जातो. डॉक्टर पाय जुळवून उभं करतात आणि डोळे मिटा म्हणतात ना, ते हेच बघायला.