मोठी दुर्बीण घेतली तर?

कोथरूडच्या गच्चीवर दुर्बीण मांडली की कुणीतरी विचारतंच, "याहून मोठी घेतली तर दीर्घिका नीट दिसतील ना?" एम ३३ या दीर्घिकेच्या बाबतीत माझं उत्तर ठरलेलं असतं: १६ इंची आणलीत तरी फारसा फरक पडायचा नाही.

अंधारात आपली बाहुली फार तर ७ मिलिमीटर उघडते. माझ्या दुर्बिणीचा ८ इंची आरसा तिच्या ८०० पट प्रकाश गोळा करतो. तारा दुर्बिणीतही बिंदूच राहतो, म्हणून तो लखलखतो. पसरट दीर्घिका मात्र मोठी दिसते, तिचा प्रकाशही तेवढाच पसरतो आणि शहराच्या दिव्यांनी उजळलेलं आकाशही तिच्याबरोबर पसरतं. पाणी घातलेलं दूध मोठ्या पातेल्यात ओतलं म्हणून घट्ट होतं का? फ्रेंच खगोलनिरीक्षक मेसिएने १७६४ मध्ये एम ३३ ची नोंद केली ती भर पॅरिसमधून, आजच्या मानाने किरकोळ दुर्बिणीने. त्याच्याकडे अंधार होता!

म्हणून मार्गशीर्ष अमावास्येला आम्ही तिघं वेल्ह्याजवळ, भातकापणी झालेल्या एका खाचरात. ईशान्येला पुण्याचा उजेड तिथूनही दिसतोच. पण माथ्यावर काळोख.

डोळे अंधाराला सरावायला २०-३० मिनिटं लागतात, कारण मंद उजेडात पाहणाऱ्या दंडपेशींतलं ऱ्होडॉप्सिन हे प्रकाश टिपणारं द्रव्य सावकाश भरून येतं. ते जेमतेम झालं आणि मित्राला घरून फोन आला. "जेवलो गं," एवढंच बोलला, पण पांढऱ्या स्क्रीनने तिघांचेही डोळे दिपले. पुन्हा चहा, पुन्हा वाट.

देवयानी तारकासमूहाच्या खाली, त्रिकोण तारकासमूहाच्या टोकाजवळ दुर्बीण वळवली. आयपीसमध्ये काहीच नाही. डोळ्याच्या अगदी मध्यावर दंडपेशी नसतातच, त्यामुळे अंधूक वस्तूकडे रोखून पाहिलं की ती गायब होते. मी कडेच्या एका ताऱ्यावर नजर ठेवली, नळीला हलकीच टिचकी मारली. हललेला डाग डोळा चटकन पकडतो. आणि मधोमध राखेचं बोट फिरवल्यासारखा एक मोठा, गोलसर धूसर डाग उमटला. रंग नाही, एवढ्या कमी उजेडात रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी कामच करत नाहीत. छायाचित्रांतले गुलाबी-निळे सर्पिल हात शोधणाऱ्याची निराशा ठरलेली. २७ लाख वर्षं प्रवास केलेला प्रकाश, आणि एवढासाच.

फोनवाल्या मित्राला जागा दिली. बराच वेळ तो वाकून होता.

"हे? मी मघाशीच पाहिलं होतं," तो म्हणाला. "मला वाटलं, काचेवर दव जमलंय."