पोटात रक्त की आतड्याला छिद्र?

नोव्हेंबर-डिसेंबरात मलावीत आंबे पिकतात आणि जिल्हा रुग्णालयांत झाडावरून पडलेली पोरं यायला लागतात. मोडलेला हात घेऊन आलेला मुलगा रडतो, ओरडतो, त्याचं काय झालंय ते लांबूनही कळतं. हातपाय धड आहेत, पण पोट धरून गप्प पडलाय, अशा मुलाची धास्ती जास्त.

अशीच एक रात्र डोळ्यांसमोर आणा. व्हरांड्यात दोन मुलं आहेत, दोघंही दहा-अकरा वर्षांची. एक दुपारी आंब्यावरून पडला. काकाने त्याला कबाझावरून, म्हणजे तिकडच्या सायकल-टॅक्सीच्या कॅरियरवर बसवून आणलंय. दुसऱ्याला तीन आठवडे ताप होता. आधी मलेरियाच्या गोळ्या झाल्या, मग गावातलं कायकाय झालं, आणि परवापासून पोट दुखतंय. दोघांचं पोट फुगलेलं, नाडी १४०च्या आसपास, हात गार. दोघांच्या केसपेपरवर एकच निदान: ‘ॲक्यूट ॲब्डोमेन’, म्हणजे पोटाचं अचानक उद्भवलेलं गंभीर दुखणं. सीटी स्कॅन नाही. ऑपरेशन थिएटर एकच. सर्जनही नाही, क्लिनिकल ऑफिसर आहे: तीन वर्षांचं शिक्षण आणि वर्षभराची इंटर्नशिप केलेला, आणि गरज पडली की सिझेरियनपासून पोट उघडण्यापर्यंत सगळं करणारा. आफ्रिकेतल्या २५ देशांतल्या शस्त्रक्रियांचा एक मोठा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या रुग्णालयांच्या परिसरात सर्जन, स्त्रीरोगतज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञ मिळून लाखामागे एकसुद्धा भरत नव्हता, आकडा ०.७ होता. तेव्हा हा क्लिनिकल ऑफिसर म्हणजे तात्पुरती सोय वगैरे नव्हे, तिथली शस्त्रक्रिया त्याच्याच खांद्यावर उभी आहे.

पहिल्याची प्लीहा (पानथरी, डाव्या बरगड्यांखालचा रक्ताने भरलेला अवयव) फाटली आहे आणि पोटात रक्त साचतंय. दुसऱ्याच्या आतड्याला छिद्र पडलंय आणि पोटात मळ पसरतोय. पोट दोघांचंही उघडायचंय, म्हणून तर गल्लत होते. पण उघडण्याआधीचे काही तास दोघांना अगदी उलट वागवावं लागतं. एकाचा उपचार दुसऱ्याला दिला, तर टेबलावर जाण्याआधीच मूल हातचं जाऊ शकतं.

रक्त पोटाच्या अस्तराला फारसं झोंबत नाही. त्यामुळे आत अर्धा लिटर रक्त असूनही पोट हाताला बऱ्यापैकी मऊ लागू शकतं. मुलगा पोटापेक्षा डाव्या खांद्याची तक्रार करतो आणि खांद्याला तर खरचटलेलंही नसतं. साचलेलं रक्त पोट आणि छातीमधल्या पडद्याला डिवचतं आणि त्या पडद्याची नस खांद्याच्याच मुळांतून आलेली असते, म्हणून हा खांदा. दुसरा फसवा प्रकार रक्तदाबाचा. मुलांचं शरीर शिरा आवळून दाब धरून ठेवतं आणि मग एकदम सोडतं. २५ किलोच्या मुलात सगळं मिळून दोन लिटर रक्त. त्यातलं सहा-सातशे मिलिलिटर जाईपर्यंत यंत्रावरचा आकडा चांगला दिसू शकतो. म्हणून आकड्यापेक्षा हात बघायचे: नख दाबून सोडलं की गुलाबीपणा परतायला किती वेळ लागतो, गारवा बोटांपर्यंतच आहे की कोपरापर्यंत चढलाय. हिमोग्लोबिनवर तर मुळीच विसंबू नये. ताज्या रक्तस्रावात ते लगेच उतरत नाही, आणि वारंवार मलेरिया झालेल्या मुलाचं ते मुळातच सात-आठ असतं. पापणी पांढरी दिसली, तर ती आजची पांढरी की गेल्या वर्षाची?

छिद्राचं पोट वेगळं बोलतं. हा मुलगा हलत नाही. खोकायला सांगितलं तर खोकल्यासारखं करतो आणि तोंड वाकडं करतो. पोट फळीसारखं कडक, स्टेथोस्कोप लावला तर आत सामसूम. जीभ कोरडी, लघवी सकाळपासून झालेली नाही. आपल्याकडे टायफॉइडला मुदतीचा ताप म्हणायचे, ते इथे नेमकं लागू पडतं. टायफॉइडचे जंतू लहान आतड्याच्या शेवटच्या भागातल्या लसिकापेशींच्या चकत्यांत ठाण मांडतात, त्या सुजतात, सडतात आणि बहुधा तिसऱ्या आठवड्यात फुटतात. मुदत भरत आली आणि पोट दुखायला लागलं, तर ते साधं दुखणं समजू नये. पण इथेही एक फसगत आहेच: तीन आठवडे तापाने पिळून निघालेल्या मुलात पोट कडक करण्याइतकीही ताकद उरत नाही. तो नुसता पुटपुटत पडून असतो आणि पोट पिठाच्या गोळ्यासारखं लागतं.

मलावीतल्या ब्लँटायर शहरात २०११ पासून अनेक औषधांना दाद न देणारा टायफॉइड फोफावला. तिथे २८ हजारांवर मुलांवर लसीची चाचणी झाली (लस आपल्या हैदराबादेत बनलेली) आणि मे २०२३ मध्ये मलावीने देशभर १५ वर्षांखालच्या मुलांना ती टोचायला घेतली. फाटलेली आतडी शिवण्यापेक्षा हे केव्हाही स्वस्त.

आता ‘पडला म्हणजे रक्त, ताप म्हणजे छिद्र’ असं सूत्र करून टाकावंसं वाटेल. तिथेच घात होतो. सायकलवरून पडताना हँडलचं टोक पोटात घुसलं की आतडं कण्यावर चिरडतं. पहिल्या दिवशी मूल चालतं-बोलतं असतं, आणि तिसऱ्या दिवशी छिद्राची सगळी लक्षणं घेऊन परत येतं. उलट मलेरियाने प्लीहा इतकी मोठी आणि ठिसूळ झालेली असते की खेळताना लागलेला कोपरही तिला पुरतो. तो कोपर कोणाच्या लक्षातही नसतो, ताप तेवढा सगळ्यांना आठवतो.

मग ओळखायचं कसं? सोनोग्राफीचं लहान मशीन आता बऱ्याच ठिकाणी असतं, पण ते एवढंच सांगतं की पोटात पाणी आहे. मशीनच्या पडद्यावर रक्तही काळं आणि मळकट पाणीही जवळपास काळंच. उभं करून छातीचा एक्स-रे काढला आणि पोट आणि छातीमधल्या पडद्याखाली हवेची चंद्रकोर दिसली तर छिद्र पक्कं. नाही दिसली तर मात्र छिद्र नाही असं म्हणता येत नाही. मला या सगळ्यांत आवडतो तो सर्वांत गरीब उपाय: सिरिंज. ओटीपोटाच्या बाजूला, आधी तेवढीच जागा बधिर करून, सुई आत घालायची आणि हलकेच ओढायचं. हिरवट, गढूळ, वास मारणारं पाणी आलं तर प्रश्न मिटला. रक्त आलं तर ते काचेच्या नळीत ओतून थांबायचं. पाच-सात मिनिटांत गोठलं तर बहुधा सुई एखाद्या शिरेत गेली होती. पातळच राहिलं तर ते पोटात साचलेलं. पोटाच्या अस्तराशी घुसळून त्याची गोठण्याची शक्ती आधीच गेलेली असते. काही आलंच नाही, तर मात्र या चाचणीने काहीच सांगितलेलं नाही.

एकदा ओळख पटली की वाटा फुटतात. रक्तवाल्याला सलाईनच्या बाटल्यांवर बाटल्या चढवणं म्हणजे गळक्या टाकीत नळ सोडणं. दाब वाढतो, जेमतेम बसलेली गुठळी सुटते, उरलेलं रक्त पातळ आणि थंड होतं. त्याला मोजकं सलाईन, ब्लँकेट, ट्रानेक्झॅमिक ॲसिड (गुठळी विरघळू न देणारं औषध) आणि रक्त हवं. हे ॲसिड स्वस्त आहे आणि दुखापतीपासून तीन तासांच्या आतच उपयोगी. २०१०-११ मध्ये ४० देशांतल्या २० हजारांवर प्रौढ रुग्णांवरच्या चाचणीने ते दाखवून दिलं. कबाझावरून आलेल्या मुलाचे तीन तास पुष्कळदा रस्त्यातच संपलेले असतात.

छिद्रवाल्याला तसंच टेबलावर घेतलं तर भुलीचं औषध जाताच दाब कोसळतो, कारण त्याच्या अंगातलं पाणी फुगलेल्या आतड्यांत आणि पोटाच्या पोकळीत अडकून पडलंय. त्याला आधी भरपूर सलाईन, नाकातून नळी, लघवीची नळी, सेफ्ट्रिॲक्सोन आणि मेट्रोनिडॅझोल ही अँटिबायोटिक. तासाला किलोमागे एक मिलिलिटर लघवी व्हायला लागली की तो शस्त्रक्रियेला तयार. याला चार-सहा तास लागतात. त्यापुढे मात्र ‘सकाळी बघू’ म्हणणं महागात पडतं. इथे काही जण सलाईनला घाबरतात, आणि त्याला कारण आहे. केनिया, युगांडा आणि टांझानियातल्या २०११ च्या चाचणीत तापाने गंभीर झालेल्या मुलांना भराभर सलाईन दिल्यावर मृत्यू वाढले होते. पण अपघाताची आणि शस्त्रक्रियेची मुलं त्या चाचणीत घेतलीच नव्हती, हे सांगायचं राहून जातं.

म्हणजे एकाच थिएटरपुढे रांग लावायची तर ती आपोआप लागते: आधी प्लीहा, आणि ती होईपर्यंत दुसऱ्याचं सलाईन मुरतं. जवळ थिएटरच नसेल तर उलटा हिशेब. छिद्रवाला सलाईन आणि अँटिबायोटिक सुरू करून ॲम्ब्युलन्सने दोन-तीन तास नेता येतो. वाहत्या रक्ताचा मुलगा त्या रस्त्यावर टिकेलच असं नाही.

मोठ्या शहरांत फाटलेली प्लीहा मुलांमध्ये बहुतेक वेळा हात न लावता आपली आपण भरू देतात. ते योग्यच आहे, पण त्यासाठी रक्तपेढीत रक्त, दर अर्ध्या तासाला नाडी बघणारं माणूस आणि रात्री दोनला उघडणारं थिएटर लागतं. अख्ख्या वॉर्डाला एक नर्स असेल तर पहारा द्यायला उरतं कोण? मलावीत रुग्णासोबत राहणाऱ्या नातेवाइकाला ‘गार्डियन’ म्हणतात. तोच जेवण रांधतो, अंग पुसतो, रक्तही देतो. पण नाडी १२० वरून १५० वर गेली हे त्याला कसं कळणार? म्हणून तिथे चाकू लवकर उचलला तर मी नावं ठेवणार नाही.

पोट उघडताच साचलेल्या रक्ताचा दाब सुटतो आणि प्लीहा नव्याने वाहू लागते. आधी मुठीत प्लीहा दाबायची, चारही कोपऱ्यांत कापडाच्या घड्या कोंबायच्या आणि भूल देणाऱ्याला दम खाऊ द्यायचा. रक्तपेढीत पिशवी नसेल तर पोटातलंच रक्त निर्जंतुक वाडग्याने उपसायचं, गॉझच्या पदरांतून गाळायचं, रक्तदानाच्या पिशवीत भरायचं (तिच्यात गोठू न देणारं औषध आधीच असतं) आणि त्याच मुलाला परत चढवायचं. ही युक्ती आतडं शाबूत असेल तरच. रक्तात मळ मिसळला असेल तर ते परत देणं म्हणजे जंतूच शिरेत सोडणं. म्हणून उपसण्याआधी आतड्यावरून एकदा तरी हात फिरवून घेतात.

प्लीहा काढलेला मुलगा बहुधा आठवड्या-दहा दिवसांत चालत घरी जातो. छिद्रवाल्याचं आतडं शिवून, कोमट सलाईनने पोट पुन्हापुन्हा धुऊन, वरची कातडी मुद्दाम उघडी ठेवलेली असते. त्याची जखम चिघळते, कधी टाके उसवतात, कधी दुसरं छिद्र पडतं आणि पुन्हा टेबल. आठवडेच्या आठवडे त्याची आई गार्डियनांच्या निवाऱ्यात चूल पेटवत राहते.

पण लवकर घरी गेलेल्याच्या कागदावर एक ओळ जास्त लागते. प्लीहा नसलेल्या मुलाला न्यूमोकोकस (न्यूमोनियाचा एक जंतू) आणि मलेरिया दोन्ही झपाट्याने गाठतात. तेव्हा लस टोचून, पेनिसिलिन देऊन, काकाला समोर बसवून तिथल्या चिचेवा भाषेत सांगायचं: याला ताप आला की दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका, त्याच दिवशी कबाझा करा.