चित्रपट परिनिरीक्षण आणि बंदी (भारत)

चित्रपटगृहात दाखवायच्या प्रत्येक चित्रपटाला केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळाचे, म्हणजे बोलीतल्या ‘सेन्सॉर’चे, प्रमाणपत्र लागते. मंडळाने प्रमाणपत्र नाकारणे आणि सरकारने बंदी घालणे या वेगळ्या गोष्टी आहेत. बातम्यांत त्यांची सर्रास गल्लत होते.

१९१८ च्या कायद्याने मुंबई, कलकत्ता, मद्रास आणि रंगून येथे मंडळे आली. ब्रिटिशांना अश्लीलतेपेक्षा धास्ती होती ती गांधीजींची. ‘भक्त विदुर’मधला (१९२१) विदुर गांधीजींसारखा टोपी-खादीत दिसला म्हणून मद्रास आणि कराचीत चित्रपटावर बंदी आली. प्रभातच्या ‘स्वराज्याचे तोरण’ला ‘उदयकाल’ व्हावे लागले, आणि संत एकनाथांवरचा ‘महात्मा’ १९३५ मध्ये ‘धर्मात्मा’ या नावाने पडद्यावर आला.

आजचा कायदा १९५२ चा. त्याच्या कलम ५ब मधली कारणे राज्यघटनेच्या अनुच्छेद १९(२) शी जुळती आहेत: देशाची सार्वभौमता व सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्री, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता व नीतिमत्ता, बदनामी, न्यायालयाचा अवमान, गुन्ह्याला चिथावणी. यातली ‘सुव्यवस्था’ इतकी लवचिक आहे की तिच्यात काहीही बसवता येते. पूर्वपरीक्षण घटनाबाह्य नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने दिग्दर्शक ख्वाजा अहमद अब्बास यांच्या खटल्यात १९७० मध्ये दिला.

निर्माता अर्ज करतो तो पूर्ण तयार चित्रपटासह; पार्श्वसंगीत अर्धवट असले तर चालत नाही. प्राणी वापरले असतील तर प्राणी कल्याण मंडळाचा दाखला जोडावा लागतो, धूम्रपानाच्या दृश्यांवर इशारा टाकावा लागतो. बरेच अर्ज अशा कागदांपायीच रखडतात. परीक्षण समिती चित्रपट पाहून यू (सर्वांसाठी), यूए (लहानांसाठी पालकांच्या मार्गदर्शनाने), ए (फक्त प्रौढांसाठी) किंवा एस (डॉक्टरांसारख्या विशिष्ट प्रेक्षकांसाठी) वर्ग सुचवते. २०२३ च्या दुरुस्तीने यूएचे ७, १३ आणि १६ वर्षे असे टप्पे पडले. अमान्य असल्यास पुनरीक्षण समिती, आणि त्यापुढे थेट उच्च न्यायालय, कारण मधले अपील न्यायाधिकरण २०२१ मध्ये रद्द झाले. छोट्या निर्मात्याला हेच सर्वांत महागात पडते: थिएटरे आरक्षित, जाहिरात सुरू, तारीख तोंडावर. मग तो कट ‘स्वेच्छेने’ मान्य करतो. २०१६ मध्ये ‘उडता पंजाब’चे निर्माते मुंबई उच्च न्यायालयात गेले. मंडळाने सुचवलेल्या १३ बदलांपैकी एकच कट न्यायालयाने ठेवला, तोही प्रदर्शनाला चार दिवस उरले असताना. ‘फुले’ (२०२५) चित्रपटातून ‘महार’, ‘मांग’ आणि ‘पेशवाई’ हे शब्द काढायला लावले गेले. जातिव्यवस्थेवरचा चित्रपट जातींची नावे न घेता कसा दाखवायचा, हे कोडेच आहे.

प्रमाणपत्र मिळाल्यावरही राज्य सरकार किंवा जिल्हाधिकारी राज्याच्या स्वतःच्या चित्रपटगृह कायद्याखाली, शांतताभंगाच्या शक्यतेवरून, प्रदर्शन थांबवू शकतात. १९५२ च्या कायद्याचे कलम १३ फक्त केंद्रशासित प्रदेशांपुरते आहे. बंदीचे कारण बहुधा पडद्यावरच्या मजकुरापेक्षा थिएटरबाहेरचा जमाव असतो. मोर्च्याची धमकी म्हणजे अभिव्यक्तीवर बंधनाला पुरेसे कारण नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये रंगराजन खटल्यात बजावले. तरीही ‘आरक्षण’, ‘पद्मावत’ आणि ‘द केरला स्टोरी’ यांच्यावरच्या राज्यांच्या बंदीविरुद्ध दर वेळी नव्याने कोर्टाची पायरी चढावी लागली आणि दर वेळी बंदी टिकली नाही. पहिले काही दिवस बुडाले की धंदा बुडाला, हे बंदी मागणाऱ्यांना पक्के ठाऊक असते.

उघड राजकीय कारणाचे टोक म्हणजे आणीबाणीतला ‘किस्सा कुर्सी का’ हा राजकीय विडंबनपट. त्याच्या प्रती जप्त होऊन नष्ट करण्यात आल्या. दिग्दर्शक अमृत नाहटांनी तो पुन्हा चित्रित केला.

महोत्सवांना प्रमाणपत्रातून सूट मिळू शकते, पण ती केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाच्या हाती. २०१७ मध्ये गोव्यातल्या इफ्फी या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवासाठी परीक्षकांनी निवडलेला मराठी ‘न्यूड’ आणि मल्याळम ‘एस दुर्गा’ हे दोन्ही मंत्रालयाने यादीतून काढले. काही महिन्यांतच ‘न्यूड’ला सेन्सॉरने एकही कट न सुचवता ए प्रमाणपत्र दिले.