साठच्या पुढं घुमणारी गाडी

गेवराईहून छत्रपती संभाजीनगरला निघालो होतो. पाचोड मागं पडलं आणि गाडीत घूं... असा आवाज भरायला लागला. साठच्या वर गेलं की सुरू, पन्नासच्या खाली आलं की गायब. मी गाण्याचा आवाज वाढवला. शेजारी बसलेल्या अण्णांनी तो बंदच केला.

"बेअरिंग वरडायलंय," ते म्हणाले.

अण्णांनी उभा जन्म पिठाच्या गिरणीत काढला. पान्हा हातात घेण्याआधी कान लावायचा, ही त्यांची सवय. मला मात्र लगेच पटलं नाही, कारण घुमायला गाडीत पुष्कळ जागा असतात.

आधी बघायचं ते एवढंच, की आवाज इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर बदलतो की चाकांच्या. चार सिलिंडरच्या इंजिनात दर फेरीला दोनदा इंधन पेटतं. मिनिटाला २४०० फेऱ्या म्हणजे सेकंदाला ४०, म्हणजे ८० धक्के. सायलेन्सर टांगणारं रबर तुटलं किंवा इंजिन ज्या रबरावर टेकतं ते माउंटिंग बसलं, की हा ८० हर्ट्‌झचा कंप थेट पत्र्यात उतरतो आणि आख्खी गाडी पिंपासारखी घुमते. रस्ता रिकामा आणि सरळ बघून मी क्षणभर गिअर न्यूट्रलला आणला. (इंजिन चालूच ठेवायचं. बंद केलं तर स्टिअरिंग जड होतं, ब्रेकही दगा देतो.) इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा खाली आला, घूं तसंच. म्हणजे इंजिन निर्दोष सुटलं.

मग टायर. चाकांचं अलाइनमेंट, म्हणजे सरळपणा, बिघडलेलं असलं की टायर तिरका झिजतो. नक्षीवरून तळहात फिरवला तर एका बाजूनं गुळगुळीत, उलट फिरवला तर करवतीसारखा खरबरीत लागतो. असा टायर घुमतो, पण रस्ता बदलला की सूरही बदलतो. जालन्याहून समृद्धीवर चढलं की काँक्रीटवर चांगले टायरसुद्धा गुणगुणतात आणि डांबरावर आलं की गप्प होतात. आमचा आवाज डांबराच्या जुन्या पट्ट्यावर आणि नव्या पट्ट्यावर सारखाच होता.

आता अण्णांचं बेअरिंग, म्हणजे चाक ज्यावर फिरतं ते. छोट्या गाडीच्या चाकाचा घेर साधारण १.८ मीटर. ताशी ८० किलोमीटरला चाक सेकंदाला बारा फेऱ्या मारतं. आपला कान २० हर्ट्‌झच्या खालचं सहसा ऐकत नाही, म्हणून बॅलन्सिंग गेलेलं चाक हाताला थरथरतं, कानाला घुमत नाही. बेअरिंगचं वेगळं. दोन कड्यांच्या मध्ये डझनभर गोळ्या घरंगळत असतात. बाहेरच्या स्थिर कड्याला एक खड्डा पडला, की त्यावरून जाणारी प्रत्येक गोळी ठेचकाळते. गोळ्या चाकाच्या निम्म्याहून थोड्या कमी वेगानं फिरतात, म्हणून चाकाच्या एका फेरीत साधारण पाच ठेचा. बारा पंचे साठ. सेकंदाला साठ ठेचा म्हणजेच ते घूं.

आणि खड्डा पडायला आपल्याकडं निमित्त लागत नाही. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, वरचा रस्ता तिच्याबरोबर लाटा घेतो. एखादा दणका असा बसतो की गोळी कड्यात रुतते. उरलेलं काम चिखलाचं पाणी सील ओलांडून करतं.

कुठल्या बाजूचं, ते वळणं सांगतात. डावीकडे वळताना गाडीचा भार उजव्या चाकांवर जातो. आमचं घूं डाव्या वळणावर वाढायचं आणि उजव्या वळणावर मरायचं. म्हणजे उजवी बाजू. पुढचं की मागचं, हे मात्र कानाला कळेना, कारण आवाज पत्र्यातून कुठूनही कुठं जातो.

गॅरेजमध्ये मिस्त्रींनी गाडी जॅकवर घेतली, उजवं पुढचं चाक हातानं फिरवलं आणि दुसरा हात सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर ठेवला. मग माझा हात तिथं ठेवायला लावला. दळताना जात्याचा खुंटा हाताला लागतो तशी बारीक कचकच. बाकीच्या तिन्ही स्प्रिंगा गप्प. प्रेसवर बेअरिंग निघालं तेव्हा ग्रीस चहासारखं पातळ आणि तांबडं झालेलं होतं. अण्णांनी कडं पुसलं आणि आतून नख फिरवलं. एका जागी अडकलं.

परतीला आडूळच्या पुढं पुन्हा घुमायला लागलं, या वेळी कानात दडे बसावेत असं धपधप. मी अण्णांकडं पाहिलं. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की ती घुमते, तसा हा वारा. अण्णांनी हात मागं घालून चार बोटं उघडी राहिलेली काच वर केली.