पाय पाण्यात, तोंड तेलात

"कोट्यवधी वर्षं जमिनीखाली टिकलेलं तेल टाकीत चार वर्षांत काय नासणार?" मॅसॅच्युसेट्समधल्या आमच्या भावोजींचा हा सवाल. त्यांच्या तळघरात २७५ गॅलनची, म्हणजे सुमारे १,०४० लिटरची पोलादी टाकी आहे. घर गरम ठेवणाऱ्या बॉयलरला लागणारं हीटिंग ऑइल तिच्यात असतं. हे डिझेलचं सख्खं भावंड. करमुक्त असल्याने कुणी गाडीत घालू नये म्हणून लाल रंगवलेलं. विजेवर घर गरम करणारा हीट पंप बसवल्यापासून टाकी अर्धी भरून तशीच पडून होती. चौथ्या हिवाळ्यात कडाका वाढला म्हणून बॉयलर लावला, तर तो दोनदा खोकून बंद पडला. फिल्टरच्या वाटीत कॉफीच्या चोथ्यासारखा गाळ आणि बोटाला चिकटणारा बुळबुळीत पापुद्रा!

भावोजींचा प्रश्न वेडगळ नाही, पण जमिनीखालचं तेलही नासतं. साठ्याचं तापमान साधारण ८० अंश सेल्सिअसच्या खाली असेल, तर जिवाणू ते खातात. कॅनडातल्या अल्बर्टाचं डांबरासारखं तेल हे त्यांचंच उष्टं. खोलवरचं तेल टिकतं, कारण ते तापवलेल्या दुधासारखं निर्जंतुक झालेलं असतं.

टाकीत मात्र गारवा, हवा आणि पाणी सगळंच आलं. तेल वापरलं जातं तशी वरच्या नळीतून दमट हवा आत शिरते, गार पत्र्यावर थेंब धरतात आणि तेलापेक्षा जड म्हणून तळाशी जाऊन बसतात. आता गंमत बघा. बुरशीला जगायला पाणी हवं, पण त्या पाण्यात जेवण नाही. जेवण तेलात, तर तिथे पाणी नाही. म्हणून ती दोहोंच्या सीमेवर बिऱ्हाड करते. 'हॉर्मोकोनिस रेझिने' ही यातली नामांकित. विमानांच्या टाक्यांतही ती सापडते.

तेलाचा रेणू म्हणजे मुख्यतः कार्बनची लांब साखळी, धरायला कुठे कडी-कोयंडा नाही. बुरशीचं विकर (एन्झाइम) साखळीच्या टोकाला ऑक्सिजनचा एक अणू चिकटवतं. त्याचं अल्कोहोल होतं, मग अल्डिहाइड, मग मेदाम्ल. इथून पुढचा रस्ता तुम्ही-आम्ही तूप पचवतो तोच: बीटा-ऑक्सिडेशन. दरवेळी दोन कार्बन कापायचे. सोळा कार्बनची साखळी असेल, तर सात कापांत दोन-दोन कार्बनचे आठ तुकडे; प्रत्येक तुकडा 'ॲसिटिल को-ए' या रेणूच्या रूपात. शेवटी उरतो कार्बन डायऑक्साइड आणि पाणी. पाणी! थेंबभर ओलाव्यावर वसलेली वस्ती आपली विहीर आपणच खणते. वाटेत सांडलेली आम्लं पोलाद खातात. पापुद्र्याखाली ऑक्सिजन संपला की सल्फेटवर जगणारे जिवाणू हायड्रोजन सल्फाइड सोडतात आणि तळाला खड्डे पडतात. बाहेरचा रंग तसाच चकचकीत.

जंतू नसले तरी हवेतल्या ऑक्सिजनने तेल चिकट होतं; तांब्याची नळी त्याला घाई करते. हल्ली मिसळलं जाणारं बायोडिझेल पाणी जास्त धरून ठेवतं, तेही बुरशीच्या पथ्यावर पडतं.

भावोजींनी आधी इंटरनेटवरून नळीला लावायचं लोहचुंबक मागवलं होतं. इंधनाचे रेणू 'सरळ' करतं म्हणे! बुरशीला त्याचं काय? बाटलीतली औषधंही ओळखून घ्यावीत. स्टॅबिलायझर ताज्या तेलाचं ऑक्सिडेशन लांबवतो, नासलेलं सुधारत नाही. बायोसाइड बुरशी मारतं, पण तिची प्रेतं फिल्टरमध्येच अडकतात. साधा उपाय म्हणजे हिवाळा संपला की टाकी भरून ठेवायची, आत हवेला जागाच कमी. वर्षाला फिल्टर बदलायचा आणि तळाचं पाणी काढायचं.

पाणी आहे की नाही हे कळायला आपल्याकडे पेट्रोलपंपावर काठीला लावतात तीच पेस्ट चालते. पाणी लागलं की रंग बदलते. भावोजींच्या काठीवर खालची दोन बोटं रंग बदलला होता. वरचं तेल अजून स्वच्छ लाल.