मॅजेस्टी (व्हिडिओ गेम)

सायबरलोर स्टुडिओज या अमेरिकी कंपनीने तयार केलेला, २००० साली संगणकावर आलेला रिअल-टाइम स्ट्रॅटेजी, म्हणजे पाळी न घेता चालू वेळेत डावपेच लढवण्याचा, गेम. या प्रकारच्या इतर गेममध्ये खेळाडू माऊसने सैनिक निवडतो आणि त्यांना हवे तिथे धाडतो. मॅजेस्टीत तसे करता येत नाही. खेळाडू आर्डेनिया नावाच्या काल्पनिक राज्याचा राजा असतो, पण वीर त्याच्या हुकमाचे ताबेदार नसतात.

राजा संघगृहे आणि मंदिरे बांधतो, पैसे मोजून वीर भरती करतो. पुढे प्रत्येक जण आपल्या स्वभावाप्रमाणे वागतो. रेंजर, म्हणजे रानावनातला टेहळ्या, न सांगताच अनोळखी मुलूख धुंडाळत सुटतो. रोग, म्हणजे चोर, पैशाचा वास लागला की सर्वांआधी निघतो. नवशिका जादूगार एकदोन फटक्यांत मरतो. तग धरला तर मात्र सगळ्यांना भारी पडतो.

एखादी राक्षसांची गुहा मोडायची असेल, तर राजा तिच्यावर बक्षिसाचा झेंडा रोवतो. रक्कम तुटपुंजी असली की कोणी ढुंकूनही पाहत नाही. ती वाढवत नेली की एकेक वीर त्या दिशेने वळू लागतो. मात्र जखमी झाला की मोहीम अर्धवट टाकून माघारी पळतो. अशा वेळी राजाच्या हाती उरतात ते त्याचे मंत्र आणि आणखी थोडे सोने.

गेमची खरी करामत या सोन्याच्या फिरण्यात आहे. मिळालेले बक्षीस वीर बाजारात औषधांवर आणि लोहाराकडे शस्त्रांवर उडवतात. मग करवसुली करणारा दारोदार फिरून त्यातला वाटा राजवाड्यात आणतो. तो वाटेत मारला गेला, तर जवळची वसुलीही बुडते. त्यामुळे बाजार कुठे बांधावा, पहारा कुठे ठेवावा, हे निर्णय लढाईइतकेच मोलाचे ठरतात. दैवतांमध्येही वैर आहे: अग्रेलाचे मंदिर उभारले की क्रिप्टाचे उभारता येत नाही.

‘द नॉर्दर्न एक्सपान्शन’ ही पुरवणी २००१ मध्ये आली. ‘मॅजेस्टी २’ (२००९) रशियातील इनो-कोने बनवला आणि स्वीडनच्या पॅराडॉक्सने प्रकाशित केला. त्यात संरक्षणासाठी आणि वीरांना धोक्यापासून दूर ठेवण्यासाठी वेगळे झेंडे आले, वीरांच्या टोळ्याही बांधता येऊ लागल्या. राजाची पकड त्यामुळे थोडी घट्ट झाली. वीरांच्या मर्जीवर राज्य चालवण्याची रंगत मात्र पहिल्या भागातच अधिक आहे.